एका पट्टीसाठी अख्खा ब्राउझर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इंटरव्ह्यूला आलेली मुलं विचारतात, जुने सहकारी विचारतात, पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातल्या एका शेठजींच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलानंही विचारलं: "काका, आडतीच्या, म्हणजे दलालीवर माल विकणाऱ्या गाळ्यांच्या, सॉफ्टवेअरमध्ये पट्टी छापायला तुम्ही आत अख्खा ब्राउझर बसवलाय, तोही इंटरनेट एक्स्प्लोररचा. कशाला?" विचारण्याचा सूर असा, की या माणसानं गेल्या काही वर्षांत काही वाचलेलंच नाही. तो सूर मला लागतो.

वेबसाइट का नाही, ते आधी संपवतो. वजनकाटा सीरियल पोर्टवर आहे, आणि पहाटे नेट गेलं म्हणून मार्केट यार्डात माल विकायचा थांबत नाही.

आता ब्राउझर. शेतकरी गाळ्यावरून घरी नेतो तो कागद म्हणजे पट्टी. डाग (मालाचे नग) किती, वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल वजा जाऊन निव्वळ किती. तो शुद्ध मराठीत छापला गेला पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही. माझ्या हाताशी होत्या त्या पीडीएफ लायब्ररींत जोडाक्षरं फुटायची. 'शेतकऱ्याचे नाव' या पहिल्याच ओळीत हलन्त सुटा लटकायचा. एकेक ओळ स्वतः कोडनं कागदावर मांडून छापली तर अक्षरं नीट यायची, पण मग प्रत्येक रकान्याची जागा कोडमध्ये मोजत बसायचं, आणि इथे प्रत्येक गाळ्याची मांडणी वेगळी. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट २.० बरोबर वेबब्राउझर कंट्रोल आला होता, म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या आत बसवता येणारा इंटरनेट एक्स्प्लोरर. त्याला एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानासारखी लिहिलेली पट्टी, दिली की बाकीचं तो बघायचा. जुलै २०१६ मध्ये भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा मी मास्टरमध्ये, म्हणजे दरांच्या यादीत, आडतीचा दर शून्य केला, फाइलमधली ती ओळ काढली आणि पेन ड्राइव्हवरून गाळ्यागाळ्यात दिली. एक्झीला, म्हणजे मूळ प्रोग्रामला, हातही लावला नाही.

हा कंट्रोल मुळात इंटरनेट एक्स्प्लोरर ७ असल्यासारखा वागतो, मशीनवर ११ असला तरी. तो ११ सारखा वागावा म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, फीचर ब्राउझर एम्युलेशनखाली आपल्या एक्झीचं नाव आणि ११००१ हा आकडा लिहावा लागतो. ते माझा सेटअप पहिल्यापासून करतो. त्यावरून मला कुणी शिकवू नये.

खरं दुखणं छपाईचं. वाटाण्याचा हंगाम होता. पहाटे दिवाणजींचा फोन आला, "साहेब, एकेका पट्टीची दोन-दोन पानं येतायत." मी पोचलो तेव्हा पुरंदरकडचे शेतकरी ओळीनं उभे होते आणि बाहेर त्यांचे टेम्पो खोळंबले होते. पहिलं पान उचलीपाशी संपत होतं, निव्वळ रक्कम दुसऱ्या पानावर एकटी, आणि तळाला माझ्या फाइलचा सगळा पत्ता, सी ड्राइव्हपासून. दुसऱ्या पानावर शेतकऱ्याचं नाव नाही. गर्दीत पानांची अदलाबदल झाली. एक म्हातारे गृहस्थ कागद परत घेऊन आले, म्हणाले, "एवढा माझा माल नव्हता, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे." त्यांनी पैसे घेतले असते तर कुणाला लगेच कळलंही नसतं. उरलेल्या पट्ट्या दिवाणजींनी हातानं लिहिल्या. शेठजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहीच बरी होती." ते अजून विसरलो नाही.

कारण सापडलं ते असं. या कंट्रोलच्या छपाईचे समास आणि तळटीप रजिस्ट्रीत इंटरनेट एक्स्प्लोररच्या पेजसेटअपखाली असतात, आणि ती जागा त्या युजरच्या सगळ्या प्रोग्रामांत सामाईक असते. माझा प्रोग्राम सुरू होताना तळटीप रिकामी करायचा. त्याच मशीनवर आदल्या संध्याकाळी दुसरं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं, तेही हाच कंट्रोल वापरणारं. ते माझ्यानंतर उघडलं आणि त्यानं आपले समास लिहिले. मी आता प्रत्येक छपाईच्या आधी लिहितो. पण त्या जागेला कुलूप नाही, आणि प्रिंटचा कॉल परत येतो तेव्हा छपाई झालेली असेलच असं नाही. म्हणजे फट आहेच.

म्हणून वेबव्ह्यू२ आणला, म्हणजे तसाच आत बसणारा, पण मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरच्या इंजिनावरचा कंट्रोल. त्यात समास त्या-त्या छपाईपुरते देता येतात, तळटीप बंद करता येते, दुसऱ्याचा हात तिथे पोचत नाही. एवढ्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. मग जुना का ठेवलास? कारण काही गाळ्यांत अजून विंडोज ७ आहे, आणि वेबव्ह्यू२ तिथे जानेवारी २०२३ मधल्या १०९ आवृत्तीवर थांबला. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला, पण विंडोजमधलं त्याचं इंजिन, एमएसएचटीएमएल, गेलेलं नाही. माझी पट्टी त्यावर आजही छापते.

पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचो, विंडोजबरोबर मिळतं ते वापरा, सेटअपमध्ये काही भरू नका. त्या माझ्याशी मी अजून भांडतो. विंडोजचं म्हणजे सगळ्यांचं, हे त्या पहाटेनं दाखवलं. पण त्या जुन्या माझ्याकडेही उत्तर आहे: जुन्या इंजिनात पट्टीची मांडणी वर्षानुवर्षं हलली नाही. वेबव्ह्यू२ स्वतःहून अपडेट होतो. त्याची एकच आवृत्ती धरून ठेवावी, तर सेटअप २५० एमबीहून जड होतो आणि सुरक्षेचे अपडेट पोचवायची जबाबदारी माझ्यावर येते. यावर मला त्याला गप्प करता आलेलं नाही.

सध्या दोन्ही इंजिनं आहेत. पट्टीची फाइल एकच, त्यामुळे जुन्याला झेपेल अशी लिहितो: टेबल, साधं सीएसएस. नव्या मुलांना ते मागासलेलं वाटतं. विंडोज ७ वाले गाळे संपले की जुनं काढेन असं म्हणतो खरं. पण रात्रीतून बदललेल्या इंजिनावर पहाटेची पहिली पट्टी निघेल, तेव्हा निव्वळ रक्कम त्याच पानावर आली की नाही हे शेतकऱ्याच्या आधी कोण बघणार, ते मला आधी ठरवायचंय.