चेंडू परत आला पाहिजे

डिझाइनच्या प्रकल्पात आमच्या गटाला जत्रेतल्या खेळासारखा एक चेंडूचा खेळ करायचा होता. चौघांच्या डोक्यात चार खेळ. मी खिळ्यांच्या फळीवर अडून बसलो होतो: वरून चेंडू सोडायचा, तो खिळ्यांवर आपटत खालच्या कप्प्यात पडणार. करून पाहिल्यावर दिसलं की बहुतेक चेंडू मधल्याच कप्प्यांत जमतात, पास्कलच्या त्रिकोणात, म्हणजे वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली लिहीत केलेल्या मांडणीत, मधले आकडे मोठे असतात तसेच. शिवाय चेंडू सुटला की खेळणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. बघायला मजा, खेळायला नाही.

मग स्की-बॉलच्या जातीचा खेळ ठरला. चेंडू हाताने घरंगळत सोडायचा, पुढच्या चढावरून उडी घेऊन तो भोकात पडायचा. स्की-बॉलचं पेटंट १९०८ सालचं. सुरुवातीला त्याची पट्टी ३० फुटांहून लांब होती, म्हणजे नेमापेक्षा दंडाचाच कस लागणार. पुढे ती आखूड केली गेली. आमची तर टेबलावर मावेल एवढीच.

पहिला नमुना खोक्याच्या पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा. पुठ्ठा कापून फेकताना जीव तुटत नाही, आणि या कामात तोच त्याचा मोठा गुण. चढाचं शेवटचं टोक सगळ्यात नाठाळ. ते जास्त उभं झालं की चेंडू सरळ वर उडून तिथेच पडतो, आणि जास्त सपाट राहिलं की मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. टोकाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारत आम्ही कोन जुळवला आणि मगच प्लायवूडला करवत लावली. मागच्या भिंतीवरून चेंडू उसळून बाहेर येई, म्हणून तिथे फळीऐवजी सैल कापड टांगलं. कापड चेंडूचा जोर खातं आणि चेंडू जागीच खाली गळतो. अख्ख्या खेळातली सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत हुशार गोष्ट तीच.

टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, जरा बोट लागलं की भरकटतो. म्हणून भरीव रबरी चेंडू घेतले. ते कमी पडले तेव्हा कुणीतरी त्याच मापाचे पोकळ चेंडू मिसळले, आणि पडलेले चेंडू खेळणाऱ्याकडे परत आणणाऱ्या उतरत्या पन्हाळीत रोज नवा तमाशा सुरू झाला. उतारावर पोकळ चेंडू भरीव चेंडूच्या मागे पडतो, मग वजन काहीही असो. पोकळ चेंडूचं सगळं वस्तुमान कडेला, त्यामुळे त्याला फिरवण्यातच जास्त ऊर्जा जाते. भरीव चेंडू मागून येऊन त्याला ठोकत, आणि दोघे पन्हाळीच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून अडकत. पोकळ चेंडू काढून टाकले तरी अडकणं पुरतं थांबेना. शेवटी तोंडाची एक बाजू सरळ ठेवून दुसरी तिरकी केली. एक चेंडू आपसूक पुढे सरकू लागला आणि कोंडी सुटली.

ही परतीची वाट कुणाच्याच चित्रात नव्हती. पण चेंडू परत यायला उशीर झाला की रांगेतला माणूस निघून जातो, हे पहिल्याच चाचणीत दिसलं. एक मुलगा पन्हाळीत हात घालूनच उभा राहायचा, ‘दादा, चेंडू कुठे गेला?’

गुण आम्ही मुद्दाम शेवटी ठरवले. अनोळखी लोकांना खेळायला लावून कोणत्या भोकात किती चेंडू पडतात त्याच्या खुणा कागदावर केल्या. समजा, मधल्या भोकात दोनातला एक चेंडू जातो आणि त्याला १० गुण आहेत. कोपऱ्यातल्या भोकात विसातला एक जातो आणि त्याला ५० आहेत. मग मध्ये टाकणाऱ्याला चेंडूमागे सरासरी ५ गुण, कोपरा साधणाऱ्याला अडीच. कोपऱ्याकडे कोण बघेल? त्याला १०० दिले की पारडं बरोबरीला येतं. आम्ही १५० दिले, कारण थोडी हाव हवीच.

गुण मोजायला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर चालणारे, सेन्सर लावले होते. खिडकीतलं ऊन पडलं की ते चेंडू नसतानाही गुण देत. त्यांच्याभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळल्यावर ताळ्यावर आले. चेंडू प्लायवूडवर धाडकन पडतो तो आवाज कमी करायला एकाने खाली फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरी कापड, चिकटवलं, तर चेंडू इतका मंदावला की उतार पुन्हा वाढवावा लागला असता. फेल्ट काढून टाकलं. आवाज ऐकून शेजारच्या वर्गातली मुलंही खेळायला येत होती.