आमची वाटचाल : वायंडिंगच्या दुकानापासून दोन्हीकडे मोजणाऱ्या मीटरपर्यंत

डिचोलीच्या बाजारात वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. कुळागरांतले पंप, पिठाच्या गिरण्या आणि मुख्य म्हणजे खाणींवरच्या मोटारी. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि दुकानात दिवसाला एखादा मिक्सर यायला लागला. २०१५ मध्ये जरा धुगधुगी आली, ती २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींचे ८८ लीज रद्द केल्यावर विझली. तोवर मी सोलरकडे वळलो होतो. धाडस वगैरे काही नाही, दुसरं काही सुचलं नाही एवढंच. तांब्याची तार ओळखणारा माणूस सोलर पॅनेलची डीसी केबलही ओढील, असा साधा हिशेब होता.

पहिली दोन वर्षं पॅनेल बसवण्यातच गेली. चिऱ्याची भिंत, वर मंगलोरी कौलं. कौल काढायचं, वाशाला हूक मारायचा, कौल परत बसवायचं, आणि मिरगाचा पाऊस नेमका तिथूनच आत यायचा. शेजारच्या भाटातल्या माडाची सावली दुपारी तीनला कुठे पडते, हे सकाळी अकराला पाहून कळत नाही, हेही तेव्हाच शिकलो. समुद्राकडच्या घरांना लोखंडाचा सांगाडा स्वस्तातला वापरला की दोन पावसाळ्यांत तांबूस पाणी गळतं. हे सगळं हाताने निस्तरता येत होतं. निस्तरता आलं नाही ते एका गिऱ्हाइकाच्या साध्या प्रश्नातलं.

पेडण्याचं घर. मालक मुंबईला, घर चवथीला आणि मे महिन्यात उघडतं. त्यांना ५ किलोवॅट हवं होतं. "घर बंद असलं तरी वीज खात्याला जाईल ना? मग पैसे येत राहतील." मी मान डोलावली. त्यांनी मुंबईच्या बिलावरचा दर सांगितला, मी तोच कोटेशनच्या तक्त्यात घातला. वर्षाला साडेसहा हजार युनिटं गुणिले तो दर. रक्कम बघून मलाच बरं वाटलं. मार्चनंतर हिशेब आला तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तुम्ही मला जो दर सांगितला, तो कोणी ठरवला?"

कोणी ठरवला, हे मला खरंच माहीत नव्हतं. आठ दिवस दुकान बंद झाल्यावर रात्री कायदाच वाचत बसलो.

वीज कायदा २००३. कलम ६२ खाली नियामक आयोग दर ठरवतो. कलम ८६(१)(ई) सांगतं की अक्षय ऊर्जेला उत्तेजन द्यायचं आणि ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडणी मिळवून द्यायची. गोव्याचा आयोग काही केंद्रशासित प्रदेशांबरोबर संयुक्त आहे, बसतो गुरुग्रामला. नेट मीटरिंगचे त्याचे नियम २०१९ चे. त्यात छपरावरची वीज आधी आपल्या वापरातून वळती होते. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना आयोगाने ठरवलेला दर मिळतो. गिऱ्हाइकाच्या बिलातला नाही, मुंबईचा तर नाहीच. ग्रॉस मीटरिंग वेगळं: सगळी वीज ठरलेल्या दराने विकायची, आपल्याला लागेल ती नेहमीच्या दराने घ्यायची. लोक म्हणतात मीटर उलटा फिरतो. तो फिरत नाही. डिस्प्लेवर आधी आत आलेली युनिटं दिसतात, मग बाहेर गेलेली, आणि पैसे त्या दोन आकड्यांच्या मधल्या नियमात असतात.

वाचता वाचता नाद लागला. सरकारने दर बांधून द्यायचा आणि वितरकाने वीज घेतलीच पाहिजे, ही पद्धत जर्मनीने १९९० च्या कायद्याने आणली आणि २००० च्या कायद्यात २० वर्षांची हमी दिली. माझ्या मते त्यात मोठा भाग दराचा नव्हे, हमीचा. २० वर्षांचा दर कागदावर असला की बँकेचा मॅनेजर खुर्ची पुढे ओढतो. आपल्याकडे गुजरातच्या आयोगाने २०१० मध्ये सोलरला युनिटमागे पहिली १२ वर्षं १५ रुपये आणि पुढची १३ वर्षं ५ रुपये दिले होते. पण ठरलेल्या मुदतीत प्रकल्प चालू झाला नाही तर? आयोगाने मुदत वाढवून दिली होती. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. त्याच वर्षी राजस्थानातल्या भडल्यात लिलावात २ रुपये ४४ पैशांची बोली लागली होती. मोठ्या प्रकल्पांना दर बांधून द्यायचे दिवस तिथेच संपले. छपरापुरता बांधलेला दर अजून थोडा उरलाय.

तोही हलतो. २०२० च्या शेवटच्या दिवशी केंद्राचे ग्राहक हक्क नियम आले: १० किलोवॅटपर्यंत नेट, वर ग्रॉस. आमचं एका हॉटेलचं ४० किलोवॅटचं काम हातात होतं. मालकांनी कोटेशन परत केलं. "बाब, जरा थांबूया." जून २०२१ मध्ये मर्यादा ५०० किलोवॅटवर गेली, तोवर त्यांनी जनरेटर घेतला होता. त्या सहा महिन्यांत आमच्या दोन पोरांचा पगार वायंडिंगवर निघाला, म्हणून ते यंत्र मी अजून विकलेलं नाही.

पेडण्याच्या त्या मालकांना मी दोन पॅनेलांची किंमत परत केली. त्यांनी मागितली नव्हती. बायको म्हणाली, मागितली नाही म्हणूनच दे.

२०२४ पासून छपरावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेमुळे माणूस ७८,००० रुपये हा आकडा तोंडपाठ करूनच येतो. अनुदान ३ किलोवॅटला तेवढं, वर कितीही बसवा, वाढत नाही. मी आधी बिलं मागतो. बारा महिन्यांची. गोव्यात घरगुती वीज स्वस्त, शिवाय टप्प्याटप्प्याने. कमी वापराच्या घरात मी ५ च्या जागी २ किलोवॅट सांगतो, कधी काहीच नको म्हणतो. अशी कामं हातची जातात. भाऊ माझ्यावर चिडतो.

परवा साखळीचे एक निवृत्त मास्तर आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत बिलं, तारखेप्रमाणे लावलेली, रबर बँड घातलेली. मी मोजली, अकरा. जुलैचं नव्हतं. "ते कशाला हवं? पावसात पंखासुद्धा लावत नाही आम्ही." त्यासाठीच हवं, म्हटलं. मास्तर चष्मा पुसत घरी गेले आहेत, बिल शोधायला.