श्राद्ध नसतानाची खीर : आमची वाटचाल

‘आजपासून रोज ताजी तांदळाची खीर’ अशी पाटी लावली, त्या दिवशी पहिल्याच काकू पाटी वाचून आत आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काय गं, कुणाचं काही आहे का आज?"

कोथरूडमध्ये तांदळाची खीर विकायला बसल्यावर दुसरं काय ऐकणार! आमच्याकडे शेवयांची खीर चालते, गव्हाची चालते, पण तांदळाची म्हटली की डोळ्यांपुढे वडे, आमसुलाची चटणी आणि गवार-भोपळ्याचं ताटच येतं. मला स्वतःलाही लहानपणी ती फार आवडायची, पण मागायची सोय नव्हती. मागितली की आजी डोळे वटारायची.

माझं पोळी-भाजी केंद्र 2011 सालचं. मी, दोन मावशी आणि दोन बर्नरची शेगडी. श्राद्धाचा स्वयंपाक आम्ही शोधत गेलो नाही, तोच आमच्याकडे आला. सुना नोकरीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मग ताट कोण रांधणार? दोन-तीन वर्षांत पक्षपंधरवड्यात रोज पाच-सहा घरांची ताटं जाऊ लागली. डबे परत यायचे तेव्हा निरोप हटकून खिरीबद्दल असायचा. आणि सर्वपित्री झाली की खीर बंद, थेट पुढच्या भाद्रपदापर्यंत.

लोक माझ्या हाताला चव आहे म्हणतात. खरं श्रेय कणीला. आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि ठिसूळ, गिरणीत फार तुटतो. भात खाणाऱ्याला त्याचं वाईट वाटतं, मला आनंद होतो, कारण तुटलेला दाणा दुधात लवकर विरघळतो आणि खिरीला अंगचा दाटपणा येतो. मुळशीतल्या एका शेतकऱ्याकडून आम्ही कणीच घेतो. बाजारात आंबेमोहोर म्हणून मिळणारं सगळंच मुळशी-मावळचं नसतं. पोत्यात वास आणि पातेल्यात काहीच नाही, असं दोनदा झालं तेव्हा ते समजलं. अडचणीला इंद्रायणी चालते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातूनच ती निघाली आहे. मऊ होते, मिळून येते, वास मात्र जरा मंद.

घरचं प्रमाण सोपं. एक लिटर म्हशीचं दूध, 60 ग्रॅम कणी, 100 ग्रॅम साखर. कणी धुऊन, निथळून, चमचाभर तुपावर परतायची, रंग बदलू द्यायचा नाही. उकळत्या दुधात घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवत बसायचं. साखर कणी पुरती शिजल्यावरच, आधी पडली तर दाणा कडक राहतो. वेलची, किंचित जायफळ, चारोळी. उतरवताना वाटते त्यापेक्षा सैल ठेवायची, निवल्यावर ती आपोआप दाटते.

हेच प्रमाण मी एकदा वीसने गुणलं. शिक्षण कॉमर्सचं, गुणाकार चुकला नव्हता. पण खोल पातेल्यात दूध घरच्यासारखं आटत नाही. खीर पाणचट राहिली, म्हणून आच वाढवली, ती बुडाला लागली. करपट वास काही केल्या जात नाही. वीस लिटर दूध गेलं. तेव्हापासून आमच्याकडे खीर पसरट कढईत, एका वेळी आठ लिटर, आणि उलथणं हातात असलेल्या माणसाला फोन घ्यायची बंदी.

दुसरा फटका त्याहून वाईट होता. रात्री उशिरा केलेली खीर मोठ्या पातेल्यातच झाकून ठेवली, सकाळी डबे भरू म्हणून. वरून गार, मध्ये कोमट. सकाळी वास थोडा वेगळा वाटला, चव घेतली आणि सगळी ओतून दिली. अन्न परवान्याची नोंदणी केली तेव्हा जे नुसतं ऐकून सोडलं होतं ते त्या दिवशी पटलं : शिजवलेल्या तांदळात टिकून राहणारे जंतू कोमट अन्नातच वाढतात. आता कढई उतरली की खीर उथळ परातींत, पराती बर्फाच्या पाण्यावर, आणि तिथून फ्रीजमध्ये.

श्राद्धाबाहेरची पहिली खीर मात्र आम्हाला एका बंगाली मुलीने करायला लावली. हिंजवडीत नोकरीला, दुपारचा डबा आमचा. तिला नवऱ्याच्या वाढदिवसाला ‘पायेश’ हवं होतं. मी म्हटलं, वाढदिवसाला तांदळाची खीर? ती म्हणाली, आमच्याकडे त्याशिवाय वाढदिवस होतच नाही. तिने गावाहून आणलेला खजुराच्या रसाचा गूळ दिला आणि बजावलं, की गॅस बंद करून, वाफ जरा जिरल्यावरच घालायचा. उकळत्या दुधात घातला तर फाटतं. दुधात तेजपत्ता टाक म्हणाली, तोही टाकला. त्या गुळाच्या धुरकट वासाने माझ्या मावशी दोन वेळा कढईपाशी येऊन गेल्या.

मग कान उघडे ठेवले तेव्हा लक्षात आलं, की बंगालपर्यंत जायची गरजच नव्हती. आमच्याकडे पोळ्या लाटणारी मावशी म्हणाली, "ताई, आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला कढयाच्या कढया खीर वाटतात." सुजातेने सिद्धार्थाला दिली ती खीरच! आमच्या पेठी डोक्यात तो दिवस कधी आलाच नव्हता. 2019 साली तिच्या वस्तीची चाळीस लिटरची ऑर्डर आम्ही केली, पाच कढयांत. तिच्या अटीप्रमाणे गोड जास्त, जायफळ अजिबात नाही.

2020 साली टाळेबंदीत ताटं छोटी झाली, एकेक लिटरची खीर जाऊ लागली. त्यात अधिक आश्विन आला. पितृपक्ष 17 सप्टेंबरला संपला आणि घट बसायला अख्खा महिना! लोकांना जावयासाठी अनारसे हवे होते, ते मला जमत नाहीत. मग रिकाम्या शेगडीवर खिरी करून पाहिल्या. आईच्या माहेरची, नारळाच्या रसातली गुळाची. ती रस घातल्यावर उकळायची नसते, नुसती गरम करायची. मग फिरनी, भिजवलेले तांदूळ रवाळ वाटून, मातीच्या वाटीत. वाटी जास्तीचं पाणी शोषते आणि फिरनी घट्ट बसते. पहिल्या वाट्या धुऊन न घेतल्याने फिरनीला मातीचा कस आला, तोही काहींना आवडला. आंब्याची खीर मी बंद केली. रस आंबट निघाला की दूध फुटतं, आणि हापूस हा खिरीत घालायचा नाहीच, असं माझं मत आहे.

आता ऑर्डर घेताना आम्ही दोन गोष्टी विचारतो : कशासाठी, आणि गोड किती. पहिली विचारल्यावर अजूनही काही जण चपापतात. ‘शुगर-फ्री’ मागणाऱ्यांना मी साखर कमी करून देते, पण डब्यावर तसं लिहून देत नाही. आत तांदूळ आहे, दूध आहे, ते काय बिनसाखरेचं?

परवा मुळशीहून नवी कणी आली. नवा तांदूळ दूध कमी पितो आणि लवकर चिकटतो, त्यामुळे दर वर्षी या दिवसांत 60चं 65 करून पाहावं लागतं. पहिल्या कढईचा घास पोळीवाल्या मावशीचा. ती मान हलवेपर्यंत डबे भरायचे नाहीत.