ताईसाहेब त्याला हाक कशी मारणार?

शनिवारी पहाटे तीनला कादंबरी संपली आणि सकाळी दूध उतू गेलं. या दोन्हींचा संबंध आहे असं आमच्या ह्यांचं म्हणणं. असू दे.

पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरातलं. ही संस्था 1850 सालची, म्हणजे कादंबरीतल्या काळाच्याही अर्धशतक आधीची. ऐतिहासिक प्रेमकथा हा माझा जुना आणि जरा चोरटा नाद. बँकेत असताना लेजरखाली ठेवून वाचायची, आता निवृत्त झाल्यापासून उघड वाचते. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही. लेखिका हयात आहेत आणि कोल्हापूर लहान आहे.

गोष्ट 1902 ची. एका सरदाराची थोरली लेक, ताईसाहेब. वाड्याच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, त्याचा मुलगा नायक. पागेची वर्णनं मात्र झकास जमलीत. पहाटेचा खरारा, तोबऱ्यात भिजवलेली चंदी, नालबंद आला की घोडी कशी कान मागं टाकते, हे सगळं बाईंनी कुणा जाणत्याला विचारून लिहिलंय. वाचताना लिदीचा वास येतो.

चुका आहेत. दोघं रंकाळ्याच्या काठावर उभी राहून शालिनी पॅलेसमागं बुडणारा सूर्य बघतात. 1902 साली! अहो, तो राजवाडा 1930 च्या दशकातला. सूर्याला तीसेक वर्षं थांबावं लागलं असतं. आणि मोतद्दाराच्या घरी उठता-बसता तांबडा-पांढरा रस्सा. पंधरा रुपड्यांत चार तोंडं पोसणाऱ्याच्या घरी मटण जत्रेला शिजायचं, तेही वाटे घालून. गोषातली मुलगी भर दुपारी एकटी पागेत जाते हेही मी सोडून दिलं. प्रेमकथेत एवढं सोडायचं असतं.

पण नायकाचं आडनाव तीनशे पानांत एकदाही येत नाही. हे मी सोडू शकले नाही. माझी मावशी पेपरातला खुनाचा आरोपी वाचतानासुद्धा आधी आडनाव बघायची, आणि या कादंबरीत अख्खा वाडा खवळतो, सरदार चाबूक काढतात, पण सगळे ओरडतात ते "गरीब, गरीब" म्हणूनच. आपल्याकडं गरिबी कधी एकटी आलीय? ज्या गावात त्याच सुमारास वेदोक्ताचं प्रकरण पेटलं होतं, खुद्द छत्रपतींना वेदमंत्रांचा अधिकार नाही असं भटजी तोंडावर सांगत होते, त्या गावात एका मोतद्दाराच्या पोराला कुळी कुणी विचारली नसेल?

नायिका एकदा पागेच्या हौदातून ओंजळीनं पाणी पिते आणि तोही पितो. फार नाजूक लिहिलंय. मला मात्र गंगाराम कांबळे आठवले. तेही शाहू महाराजांच्या पागेतच नोकरीला होते. हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं होतं. मारणारे सरदार नव्हेत, बरोबरचे नोकरच. मग महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले. ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. बाईंना तर नक्कीच माहीत असणार. तरी त्यांचा हौद नुसता चांदण्याचा.

आता खरी गोम. ताईसाहेब त्याला लहानपणापासून "अरे" म्हणतात. तो वयानं चार वर्षं मोठा, तरी "अरे, घोडी आण." तो मान खाली घालून "जी ताईसाहेब." हे अगदी बरोबर. माझी पणजी एका वाड्यात दळण-कांडणाला जायची. आजी तिची नक्कल करायची ती नुसत्या "जी"ची. विचारलं तरी जी, हाकललं तरी जी. तर पुढं प्रेम बसतं. मग? त्या काळी बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायच्या. म्हणजे काल ज्याला "अरे" म्हटलं त्याला उद्यापासून "अहो." आणि त्यानं "ताईसाहेब"वरून "अगं"वर यायचं. तो "अगं" म्हणायला तोंड उघडतो आणि "जी" बाहेर पडतं, असं एक पान जरी असतं तरी मी हे पुस्तक विकत घेतलं असतं.

नाहीये. बाईंनी काय केलंय माहितीय? दोनशेव्या पानानंतर दोघं एकमेकांना हाकच मारत नाहीत. "जेवण झालं का?" "आज उशीर झाला." "गाडी कितीची?" मी मागं जाऊन पेन्सिल घेऊन तपासलं (वाचनालयाचं पुस्तक, खुणा पुसल्या नंतर). एकदाही नाही. सगळी वाक्यं कर्ता गिळून.

ही युक्ती मी लगेच ओळखली, कारण ती माझी आहे. माझे वडील शाहू मिलमध्ये साच्यावर होते. महाराजांनी 1906 साली काढलेली ती मिल; तिच्या भोंग्यावर आमच्या घरची चूल पेटायची. आमचे हे कागलकडच्या ऊसवाल्या घरातले, पाटाच्या पाण्याची जमीन, दारात ट्रॅक्टर. कॉलेजात एका वर्गात होतो, तेव्हा "ए" आणि नुसतं नाव. लग्न होऊन त्या घरात गेले तर सासूबाई आत्याबाईंना सांगत होत्या, "मिलवाल्याची पोरगी हाय, पर वळण बरं दिसतंय." ते "पर" मला अजून ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी परसात मी सवयीनं "ए, टॉवेल घे की" म्हणाले. जात्याएवढी शांतता पसरली. त्यानंतर "अहो" काही जिभेवर येईना आणि "ए" म्हणायची छाती होईना. सहा महिने मी "चहा झालाय," "निघायचं का," "पेपर आलाय" यावर संसार केला. भिंतीला सांगावं तसं.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. शेवटी त्यांचं सगळं मीच केलं, आणि त्यांनाही ते माझ्याच हातचं लागायचं.

कादंबरीचा शेवट सांगून टाकते, कारण वाचून चिडण्यापेक्षा आधी चिडलेलं बरं. नायक मोतद्दाराचा नसतोच! 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी छत्रपतींच्या भावाला, चिमासाहेबांना, कराचीला नेलं, त्या धामधुमीत परागंदा झालेल्या एका मानकऱ्याचा तो नातू निघतो. पुरावा म्हणून मोडीतला एक कागद आणि दंडावरची पेटी. सरदार चाबूक ठेवतात, हळद लागते, सनई वाजते. सगळ्यांचीच सोय झाली. ज्या म्हाताऱ्यानं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं तो मोतद्दार लग्नात कुठं बसला, मांडवात की पागेत, यावर एक ओळ नाही. मी दोनदा शोधलं.

आणि घराणं मिळालं तरी तोंडाची सवय कुठं जाते? पहिल्याच दिवशी ताईसाहेबांच्या तोंडून "अरे" निसटलं असणार. मी पैज लावते.

रविवारी हे सगळं ह्यांना रंकाळ्यावर फिरताना सांगितलं. ऐकून घेतलं, शेंगा सोलत. मग म्हणाले, "पण मग शेवटी ती त्याला म्हणते काय?"

"काहीच नाही. बाईंनी हाक मारायची वेळच येऊ दिली नाही."

"मग कळतं कसं त्याला, की त्यालाच बोलतीय?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळायचं?"

ते थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले. "चहा झालाय म्हटलं," ते म्हणाले, "की घरात चहा पिणारा मी एकटाच होतो. बाकी सगळे दूध प्यायचे."