लुंगीतला पाचवा दिवस
शुगरमुळे लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकेनाशी झालेली, फायमोसिस म्हणतात, डॉक्टर म्हणाले सुंता करून टाका, चाळिशीत हे ऐकून घामच फुटला. म्हापशाला ऑपरेशन झालं, अर्धा-पाऊण तास, भुलीचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. खरी गंमत नंतर! पहाटे झोपेत ताठरता आली की टाके असे ओढतात की उठून गार लादीवर अनवाणी फेऱ्या मारायच्या. सूज, थोडा निळेपणा चालतो म्हणे, टाके २-३ आठवड्यांत आपसूक गळतात. स्कूटर बंद. आज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकून लुंगी पुढून चिमटीत धरून पाव घ्यायला गेलो तर शेजारच्या काकी, पाय मुरगळला काय रे? हो म्हटलं. अजून ६ आठवडे ब्रह्मचर्य, बायको हसतेय.