पाइप शंभर रुपयांचा, डोकेदुखी महिनाभराची

आजचा अख्खा रविवार ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गॅरेजात. आमची जुनी जिप्सी, ९७० सीसीची, कार्बोरेटरवाली. सपाटीवर झकास, पण येऊरच्या डोंगराचा चढ लागला की दुसऱ्या वळणावर ठसके देत बंद. पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू! प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ केला. मित्रांचा एकच धोशा: "१३०० सीसीचं इंजिन टाक." (आणि आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर? ते कोण करणार, तुमचे काका?)

आज गॅरेजवाल्या मामांनी इंजिनाला हातच लावला नाही. टाकीकडून पंपाला येणारा रबरी पाइप काढून बोटांत वाकवला. एरवी धडधाकट दिसणाऱ्या पाइपावर केसासारख्या भेगा उमटल्या.

"पण मामा, पेट्रोल तर गळत नाही!"

"गळेल कसं? इकडून पंप ओढतो ना. पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

चढावर पेट्रोल जास्त लागतं, पंप निम्मी हवाच ओढतो, कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी रिकामी. थांबलं की हळूहळू भरते.

नवा पाइप, दोन क्लिपा. संध्याकाळी येऊर एका दमात. जुनी कॉइल कुणाला हवी असेल तर सांगा, चांगली आहे.