जंतांचे जिनोम बघताना
आज अख्खा दिवस कॉम्प्युटरवर दोन जंतांचे जिनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, शेजारी शेजारी लावून बघण्यात गेला, डोकं अजून तिथेच आहे. एक ब्रुजिया मलायी, हत्तीरोगवाला, याचा जिनोम २००७ ला आला आणि दुसरा लोआ लोआ, आफ्रिकेत माणसाच्या डोळ्यात फिरताना दिसतो तो, याचा २०१३ ला. साईज जवळपास सारखी, साधारण ९ कोटी बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. पण ब्रुजियाच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे बॅक्टेरिया राहतात आणि त्यांच्याशिवाय त्याचं चालतच नाही, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन ते मारले की मादीला पिल्लंच होत नाहीत. लोआमध्ये हे बॅक्टेरिया नाहीतच!! मग वाटतं ना की त्यांचं काम करायला लोआकडे जास्तीचे जीन्स असणार? तसं ठळक काही सापडलंच नाही. मग हा जगतो कसा? मला हा प्रश्न सगळ्यात भारी वाटतो.

आपल्या विदर्भात हत्तीरोग करतो तो यांचाच भाऊबंद, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, आणि त्याच्यात वोल्बाकिया आहे, म्हणजे डॉक्सी त्याच्यावरही चालतं. फक्त कोर्स चार-सहा आठवड्यांचा, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देता येत नाही, त्यामुळे गावच्या गावाला वाटणं अवघड. कमी दिवसांत वोल्बाकिया मारणारं औषध मिळायलाच हवं.